मुधोळ हाउंडचं पिल्लू घ्यायचं म्हणताय? मग आधी हे वाचा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली संध्याकाळी माझ्या मुधोळ कुत्रीला, हरणीला, घेऊन गेलो की रोज एक तरी गाडी थांबतेच. "आण्णा, हे मुधोळ न्हवं? पिल्लू कुठं मिळतंय? केवढ्याला?" बरोबर ह्याच क्रमानं. मग व्हॉट्सअ‍ॅप, मग मित्राचा मित्र, मग बायकोच्या माहेरचं कुणीतरी. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच बसून लिहिलं, आता कुणी विचारलं की हेच पाठवणार. मी डॉक्टर नाही, कुत्र्यांचा धंदाही करत नाही, भाताची शेती आहे आणि एक लहान दुकान. पण नऊ वर्षांत तीन मुधोळ घरात आले, त्यातलं एक पिल्लू माझ्याच मूर्खपणानं गेलं, ते पण खाली लिहिलंय.

मुधोळ आणि कारवान हे एकच काय? आणि पश्मी म्हणजे?

कुत्रं एकच, नावं दोन. केनल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर ते कारवान हाउंड असतंय आणि इंडियन नॅशनल केनल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड, त्यामुळं कागदावर वेगळं नाव दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका. आपल्याकडची जुनी माणसं कारवानी म्हणतात, मुधोळकडं कन्नडमध्ये बेटे नायी म्हणतात, म्हणजे शिकारीचं कुत्रं. पश्मी म्हणजे ज्याच्या कानावर, शेपटीवर, पायाच्या मागं रेशमासारखे लांब केस असतात ते. साधा मुधोळ सगळा तुळतुळीत. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण ७० सेंटिमीटर आणि वजन २५ किलोच्या आतबाहेर. म्हणजे उंचीला मोठ्या कुत्र्याएवढा आणि उचलला तर पोत्याच्या निम्मा.

खरंच दुर्मिळ आहे काय, की नुसती हवा केलीय?

मुधोळ तालुक्यात गेलात तर दुर्मिळ वाटणार नाही, तिथं धनगराच्या तळावर, शेतातल्या वस्तीवर बांधलेले दिसतात. त्या पट्ट्याच्या बाहेर मात्र कमी, आणि शुद्ध तर अजून कमी, कारण मधल्या काळात कुणी ग्रेहाउंड लावला, कुणी गावठी लागलं, हिशोबच राहिला नाही.

मुधोळ हे आपल्या घोरपड्यांचं संस्थान, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, आज बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी. तिथले राजे मालोजीराव घोरपडे, त्यांनी बेडर लोकांकडची ही शिकारी कुत्री बघितली आणि वाड्यावर नीट पैदास सुरू केली. इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, जोडी भेट दिली ती ह्यांनीच. पुढं संस्थान गेलं, शिकार गेली, कुत्री शेतकऱ्यांच्या दारात राहिली. २००५ मध्ये पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. २०१५-१६ च्या सुमाराला मिलिटरीनं मेरठच्या सेंटरला ट्रेनिंगसाठी पिल्लं नेली. कर्नालच्या सरकारी पशु आनुवंशिकी ब्युरोनं देशी ब्रीड म्हणून अधिकृत नोंद केलीय. आणि ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं, तिथून खरी गंमत सुरू झाली. त्याआधी माझ्या हरणीच्या आधीच्या कुत्र्याला लोक "हे काय उपाशी कुत्रं पाळलंय" म्हणायचे, तेच लोक आता सेल्फी काढतात.

पिल्लू घ्यायचं तर कुठून घ्यायचं?

एक, मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथं आई-बापाची नोंद असते, पिल्लाला कातडीखाली ओळखीची चिप असते. फक्त आज गेलो आणि संध्याकाळी घेऊन आलो असं होत नाही, नाव घालून थांबावं लागतं. थांबा की, काय घाई आहे.

दुसरं म्हणजे मुधोळ आणि आसपासच्या गावांतले पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे शेतकरी. बेळगावातून गोकाकवरून गेलं तर शंभरावर किलोमीटर, एका दिवसात जाऊन येणं होतंय. माझं म्हणणं असं की पहिल्या फेरीला पैसे नेऊच नका. खरंच सांगतोय. पैसे खिशात असले आणि ते लांबट तोंडाचं पिल्लू मांडीवर येऊन बसलं की अक्कल संपते. पहिल्या फेरीला फक्त बघायचं. दोन-तीन घरं फिरायची, चहा घ्यायचा, आणि कन्नड येत नसलं तरी एक वाक्य पाठ करून जायचं, "ताई नायी तोरस्री", म्हणजे आई दाखवा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून सरळ उठायचं. "आई दुसऱ्या गावाला आहे", "आई शेतावर आहे", हे सगळं मी ऐकलंय.

आई दिसली की काय बघायचं? माणूस जवळ गेल्यावर ती कशी वागते ते. मुधोळ अनोळखी माणसाच्या अंगावर उड्या मारत येत नाही, तो लांब उभा राहून बघतो, ते चालतंय. पण थरथर कापणारी, कोपऱ्यात घुसणारी, किंवा उगीच चावायला येणारी आई असेल तर पिल्लं तेच शिकून येतात. आईची जागा बघा, पाणी बघा, पिल्लांच्या शेणाकडं बघा (हो, बघायचंच). पिल्लाचं पोट फुगलेलं आणि अंग बारीक असेल तर जंत भरलेत.

तिसरी जागा म्हणजे मोबाइलवरची जाहिरात, फोटो सुंदर, आधी अर्धे पैसे पाठवा, पिल्लू बसनं पाठवतो. नको म्हणजे नको.

कायद्याचं काय असतंय का?

असतंय. २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत. विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, लस आणि जंताच्या औषधाची नोंद द्यायची. गावाकडचे निम्मे लोक हे पाळत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण आठ आठवड्यांची अट तरी तुम्ही पाळा, का ते पुढच्या प्रश्नात.

"लहान असताना आणलं की जीव लावतंय" म्हणतात, महिन्याचं आणू काय?

नाही.

माझं पहिलं पिल्लू बाज्या. एका बाजारात घेतलं, विकणारा म्हणाला दोन महिन्यांचं आहे. दात मोजायची अक्कल मला नव्हती. घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले जेमतेम पाच आठवडे. आईचं दूध तुटलेलं, लस नाही, बाजारात शंभर कुत्र्यांच्या वासात दिवसभर बसलेलं. तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण, आणि तो वास एकदा आला की माणूस आयुष्यात विसरत नाही. पार्वो. सलाईन लावलं, रात्रभर आई आणि मी आलटूनपालटून बसलो, पाचव्या दिवशी पहाटे गेलं.

सहा-सात-आठ आठवडे हे पिल्लू आई-भावंडांत काय शिकतं तर चावायचं किती जोरात. भाऊ केकाटला की खेळ बंद. हे तुम्ही शिकवायला गेलात तर दोन महिने हातावर खुणा घेऊन फिराल. म्हणून आठ आठवडे पूर्ण, नववा-दहावा लागला तरी काही बिघडत नाही.

आणि पार्वोचा विषाणू मातीत, फरशीत महिनोन्‌महिने राहतो, वर्षभरसुद्धा. फिनेल मारून जात नाही, ब्लीच लागतंय, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. परड्यातली माती तर धुता येत नाही. मी वर्षभर दुसरं पिल्लू आणलं नाही. तुमच्या दारात आधीचं कुत्रं असंच गेलं असेल तर तुम्हीही थांबा.

किंमत किती पडते?

मी हरणीला चार वर्षांपूर्वी बारा हजार दिले. आज कुणी जास्त सांगेल, कुणी कमी. पण पिल्लाची किंमत हा खर्चातला लहान भाग. लसी, जंताची औषधं, गोचडीच्या गोळ्या, अंडी, चिकन, कुंपण. हो, कुंपण. मला कुंपणालाच पिल्लाच्या दुप्पट गेले, कारण वाढलेला मुधोळ चार फुटी भिंत उभ्या उभ्या ओलांडतो.

नर की मादी?

तुमच्या मर्जीवर आहे. नर थोडा मोठा आणि हुंदडणारा, मादी जरा शहाणी. मादी असेल तर माजावर येते तेव्हा तीन आठवडे गल्लीतली सगळी कुत्री दारात, ह्याची तयारी ठेवा.

आणायच्या दिवशी काय करायचं?

सकाळी लवकर निघा म्हणजे दुपारच्या आत घरी. निघायच्या आधी दोन-तीन तास त्याला खायला घालू नका म्हणावं, नाहीतर गोकाकच्या वळणांवर सगळं तुमच्या पँटीवर. जुनं गोणपाट घेऊन जा, ते आई आणि पिल्लं झोपतात तिथं थोडा वेळ टाका आणि परत आणा. पहिल्या चार रात्री तोच वास त्याला झोपवतो. रस्त्यात धाब्यावर थांबलात तर त्याला खाली जमिनीवर सोडू नका, लस पूर्ण व्हायची आहे.

घरी आल्यावर त्या दिवशी नातेवाईकांना बोलावू नका. आमच्याकडं हरणी आली त्या दिवशी अर्धी गल्ली सोप्यात बसलेली, पोरगी तांदळाच्या कणगीमागं जाऊन बसली ती रात्री अकरापर्यंत बाहेर आलीच नाही.

रात्रभर रडतंय, काय करू?

रडणारच, आई सोडून आलंय. दूर परड्यात बांधून "सवय होईल" म्हणणारे आमचे मामा आहेत, त्यांचं ऐकू नका. पहिला आठवडा तुमच्या अंथरुणाजवळ खोक्यात ठेवा, हात खाली सोडला की वास लागतो आणि गप्प. मग हळूहळू खोकं दाराकडं सरकवायचं. रात्रीत एकदा उठून बाहेर न्यायचं. शी-शू जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळल्यावर, ह्या तीन वेळा धरून त्याच जागी नेलं तर महिन्या-दोन महिन्यांत घर कोरडं होतंय. घरात केलं तर नाक घासायचं वगैरे करू नका, त्यातनं ते एवढंच शिकतंय की तुमच्यासमोर करायचं नाही, मग कपाटामागं करतंय.

खायला काय घालायचं? आमच्यात तर दूध-भाकरीवरच कुत्री वाढली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. जोंधळ्याची भाकरी आणि दूध ह्यावर धनगरांची कुत्री वाढली हे खरं, पण ती कुत्री दिवसभर माळावर असायची, उंदीर-घुशी, मेलेली मेंढी, काय काय पोटात जायचं ते कुणी लिहून ठेवलं नाही. तुमचं पिल्लू दारात बसून नुसती भाकरी खाईल तर हाडं आणि मांस दोन्ही कच्चं राहतंय.

मी काय घालतो ते सांगतो. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. सुरुवातीचे पंधरा दिवस आधीच्या मालकाकडं जे खात होतं तेच, एकदम बदललं की पोट सुटतंय. मग हळूहळू चांगल्या कंपनीचं पिल्लांचं फूड, किंवा घरचं करायचं तर बिनमिठाचं शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं, भात किंवा भाकरी कुस्करून, भोपळा-गाजर, आणि आठवड्यातनं एकदा कोंबडीचं काळीज. नुसत्या घरच्यावर पिल्लू वाढवायचं असेल तर कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरला विचारून घ्या, अंदाजानं डबेच्या डबे कॅल्शियम पाजणं पण वाईटच. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, दह्याचं ताक चालतंय.

शिजवलेली हाडं अजिबात नाही, शिजलेलं हाड सुयांसारखं फुटतंय. कांदा-लसूण घातलेला रस्सा नाही (आपल्या रविवारच्या तांबड्या रश्श्यात दुसरं असतंय काय). चॉकलेट नाही. आणि अथणीकडच्या, विजापूरकडच्या लोकांनी हे खास वाचा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष आहेत. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण कुणाला मूठभरानं होईल हे आधी कळत नाही. माझ्या साडूच्या बेदाण्याच्या शेडवर कुत्रं खाली सांडलेले बेदाणे खाऊन दोन दिवस मुतलंच नव्हतं, वाचलं ते नशीब.

खाल्ल्या खाल्ल्या पळवू नका. ह्या कुत्र्यांची छाती खोल असते, भरल्या पोटी उड्या मारल्या की पोट फुगून आतल्या आत पिळा पडू शकतो. पोट ढोलासारखं ताठ, उलटी काढायला बघतंय पण निघत नाही, असं दिसलं की घरगुती उपाय नाही, सरळ दवाखाना, रात्री दोन वाजले असले तरी.

एवढं खातंय तरी बारीक का?

कारण ते मुधोळ आहे.

खरंच, ह्यावर भांडणं झालीत आमच्यात. आई रोज म्हणायची "पोरीला जेवायला घाल रे, लोक काय म्हणतील". ही नजरेनं शिकार हेरून पळत जाऊन धरणारी कुत्री, ग्रेहाउंड-सालुकीच्या घाटाची. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं, कंबर आत गेलेली असणं, हीच त्यांची बरोबर तब्येत. पाठीचे मणके आणि कुल्ल्याची हाडं टोकदार वर आली असतील, केस निस्तेज असतील, तर मात्र जंत, ताप नाहीतर खाणं कमी. पण लोकलाजेखातर तूप-भात घालून लॅब्राडोर करून ठेवलेले मुधोळ मी बघितलेत. दीड वर्षात गुडघे गेले.

त्यातलंच दुसरं. पिल्लाला मोटारसायकलच्या मागं पळवू नका. आपल्याकडची पोरं सहा महिन्यांच्या पिल्लाला बुलेटला बांधून व्हिडिओ काढतात. हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पक्की होत नाहीत. त्याला मोकळं सोडा, त्याचं त्याला दमलं की थांबू दे.

लसी कधी कधी?

सहा ते आठ आठवड्यांना पहिली, ती सेव्हन-इन-वन की नाइन-इन-वन म्हणतात ती. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, चार महिने पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग बूस्टर, मग दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढं तीन महिन्यांनी. वजनावर डोस असतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलं तेवढंच द्यायचं नाही. २८ सप्टेंबरच्या आसपास, रेबीज दिनाला, सरकारी पशू दवाखान्यांत रेबीजची लस फुकट टोचतात, तेवढं लक्षात ठेवा.

खानापूर बाजूच्या पावसात हे कुत्रं टिकेल काय?

टिकतंय, पण ते मूळचं कोरड्या भागातलं आहे हे विसरू नका. अंगावर ना चरबी ना दाट केस. जून ते सप्टेंबर ओल्या जमिनीवर बांधून ठेवलं तर आजारी पडणारच. लाकडी फळी, त्यावर गोणपाट, वरून छप्पर, आणि पावसातनं आलं की पुसायचं. हिवाळ्यात पहाटे हरणी कुडकुडते, तिला जुना स्वेटर घालतो, गल्ली हसते, हसू दे.

पावसाळ्याचं खरं भय मात्र गोचडी. गोचडीतनं ताप येतो, डॉक्टर टिक फीव्हर म्हणतात. खाणं बंद, अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्या, आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर एक दिवसही थांबू नका, रक्त तपासा. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ असतंय, त्यामुळं हात लावून कळत नाही, थर्मामीटर ठेवा घरात. आणि आपल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या अर्ध्या करून देणं बंद करा, जीव जातो त्यानं. कान, बोटांच्या मधली जागा आणि शेपटीखाली रोज संध्याकाळी हात फिरवायचा. मी टीव्ही बघत बघत करतो.

डॉक्टरला वेगळं काही सांगावं लागतंय काय?

ऑपरेशन असेल तर हो. ह्या घाटाच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते त्यामुळं भुलीची काही जुनी इंजेक्शनं, थायोपेंटॉलसारखी, जास्त वेळ चढून राहतात. ग्रेहाउंडमध्ये हे चांगलंच माहीत आहे. बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असतं, पण गुरांच्याच दवाखान्यात आयुष्य गेलेले डॉक्टर असतील तर नम्रपणे आठवण करायची, "साहेब, हे हाउंड आहे, भूल बेतानं". रागवत नाहीत, मी केलंय.

कातडी पण पातळ. काटेरी तारेला नुसतं घासलं तरी चिरतंय, वीतभर. हळद दाबून घरी बसू नका, टाके लागतात.

हाक मारली की येत नाही! ट्रेनिंग होत नाही काय ह्याला?

होतंय, पण जर्मन शेफर्डसारखं नाही. शेफर्ड विचारतो "काय करू?", मुधोळ विचारतो "का करू?" ओरडलं, मारलं की तो कायमचा रुसतो, दोन दिवस तोंड फिरवून बसतो. थोडा थोडा वेळ, पाच मिनिटं, चिकनचा तुकडा, आणि थांबायचं.

हाक मारल्यावर यायचं हे पहिल्या दिवसापासून शिकवा. आलं की प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं मिळालंच पाहिजे. बोलावून औषध पाजायचं, बोलावून साखळीला बांधायचं, असं केलं तर कशाला येईल? आणि तरीसुद्धा, समोरून ससा पळाला तर नऊ वर्षांचा अनुभव सांगतो, कान बंद होतात. ऊसतोडीच्या दिवसांत फडातनं ससे बाहेर पडतात, तेव्हा मी हरणीला सोडतच नाही. एकदा सोडली होती, देसूरच्या बाजूला जाऊन पोचली, दोन तास शोधत होतो, आणि मधे रेल्वेचे रूळ.

गळपट्ट्याचं एक सांगायचं राहिलं. ह्यांची मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं, साधा पट्टा उलटं ओढलं की डोक्यावरून निघून येतो. ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा मिळतो, मार्टिंगेल म्हणतात, तो घ्या, नाहीतर छातीचा पट्टा.

कोंबड्या, मांजर, शेळीची करडं, हे सगळं तीन महिन्यांच्या आतच दाखवायचं, रोज, पट्टा धरून. आमच्या घरच्या मांजरीच्या अंगावर हरणी झोपते. शेजारच्या मांजरीचं मात्र सांगता येत नाही.

शिकारीला नेता येईल?

नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, ससासुद्धा त्यात येतो, काळवीट-डुक्कर लांबच. कुत्रं सोडून धरलं तरी ती शिकारच. "आमचे आजोबा न्यायचे" हे फॉरेस्टवाल्यांना सांगून बघा. त्याला पळायचं असतंय, मारायचंच असतंय असं नाही. दोरीला फडकं बांधून माळावर ओढा, तेवढ्यावर खूश असतंय.

राखण करतंय काय?

भुंकतंय, अनोळखी माणूस ओळखतंय, शेतातल्या वस्तीवर चांगलं. पण चोराला धरून ठेवेल अशा अपेक्षेनं घेणार असाल तर दुसरं काहीतरी बघा. रात्रभर साखळीला बांधून ठेवायचं तर अजिबात घेऊ नका, बांधलेला मुधोळ सहा महिन्यांत एकतर वेडा होतो नाहीतर चावरा.

टिळकवाडीत फ्लॅट आहे, चालेल?

लोक नाही म्हणतात, मी अर्धं हो म्हणतो. घरात हे कुत्रं आळशी आहे, दिवसाचे पंधरा तास सोफ्यावर. पण सकाळ-संध्याकाळ कुंपणाच्या आत मोकळं पळायला जागा पाहिजे, रोज, तुम्हाला ताप असला तरी आणि पाऊस असला तरी. म्हणून विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, माळ कुठाय तुमचा? पिल्लू नंतर बघू. जागेचं नाव सांगता आलं नाही तर मी मुधोळचा कुठलाच नंबर देत नाही, मग रुसा नाहीतर काय.

लहान मुलं आहेत घरात.

मुलांना शिकवलंत तर काही प्रश्न नाही. झोपलेल्या मुधोळला अचानक हात लावायचा नाही, दचकून तोंड टाकतो. जेवताना जवळ जायचं नाही. शेपूट तर ओढायचीच नाही. आमचा धाकटा हरणीला धरूनच चालायला शिकला.

कान-शेपूट कापायची असते काय?

नाही, ह्या जातीत मुळातच नाही, आणि कायद्यानंही क्रूरताच आहे ती.

एकदा तरी पिल्लं काढायची म्हणतोय, पैसे पण सुटतील.

हिशोब करून बघा, सुटत नाहीत. नियमाप्रमाणं मादी दीड वर्षाची तरी पाहिजे, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचाच्या वर नाही, आणि नोंदणी. त्याच्यापुढं सात-आठ पिल्लांची लस, जंत, दोन महिन्यांचं खाणं. आणि जवळच्या नात्यात लावू नका, एकाच गावातल्या एकाच नरावर सगळ्या माद्या गेल्या म्हणूनच जात कमजोर होते. वंशावळ माहीत नसेल तर ऑपरेशन करून घ्या, मी हरणीचं केलं, मामा अजून बोलत नाहीत नीट.

किती वर्षं जगतंय?

नीट सांभाळलं तर बारा-तेरा वर्षं. म्हणजे आज दहावीतला मुलगा हट्ट करतोय तर तो नोकरीला पुण्याला गेल्यावर कुत्रं कोण बघणार, ते आत्ताच ठरवा. बहुतेक घरांत उत्तर आई हे असतंय, तर आईला एकदा विचारून घ्या.

तुमची हरणी बघायला आलो तर चालेल?

या की. संध्याकाळी पाचनंतर, दुकान भाऊ बघतो तेव्हा. बिस्किटं आणू नका. फाटक आत आल्या आल्या लावायचं, मग हाक मारायची, आधी नाही. ती जवळ येणार नाही, दहा मिनिटं लांबून बघेल, तेवढ्यात चहा होतोय.